सहावीपर्यंत सायन्सवेडी असलेली मुलगी आता "बोअर आहे" म्हणतेय, शाळेचा एवढा परिणाम होतो का हो?

कडकभाकरी | ३ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगी यंदा सातवीत गेली, सेमी इंग्लिश. पाचवीपर्यंत ती घराजवळच्या छोट्या मराठी शाळेत होती, वर्गात मोजून २६ पोरं. तिथल्या बाई काही फार ग्रेट डिग्रीवाल्या नव्हत्या पण त्यांनी एकदा हरभरे कापसात घालून दोन बाटल्या करायला सांगितल्या, एक खिडकीत, एक कपाटात. आठ दिवसांनी कपाटातला हरभरा खिडकीतल्यापेक्षा उंच! पिवळट, लुळा, पण उंच. हिला वाटलेलं अंधारात तो वाढणारच नाही. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणाल्या तूच सांग तो कशाला एवढा धावतोय. ही दोन दिवस तेच घेऊन बसली, जेवताना, आंघोळीला जाताना, आणि शेवटी स्वतःच म्हणाली आई तो उजेड शोधतोय. तेव्हापासून "मी शास्त्रज्ञ होणार" सुरू. कसली शास्त्रज्ञ ते दर आठवड्याला बदलायचं ते सोडा.

सहावीत मोठ्या शाळेत घातली. नाव मोठं, रिझल्ट मोठा, फी तर विचारूच नका. तिथे सामान्य विज्ञान म्हणजे पुस्तकात उत्तरांखाली पेन्सिलने रेघ मारायची, ती रेघ वहीत उतरवायची, तीच परीक्षेत. एकदा हिने विचारलं की बर्फ पाण्याच्या वर आलेला असतो तर तो वितळल्यावर काठोकाठ भरलेल्या ग्लासातलं पाणी सांडत का नाही. (घरी सरबत करताना बघितलेलं.) उत्तर मिळालं, हे परीक्षेला नाहीये, खाली बस. वर्ग हसला. त्यानंतर तिने वर्षभर हात वर केला नाही, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तिच्याकडून नाही. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आहे, काचेच्या कपाटात, कुलपात. वर्षभरात एकदा लांबून दाखवला.

आता म्हणते सायन्स बोअर आहे, मी कॉमर्स घेणार. कॉमर्स म्हणजे काय ते तिला माहीत नाही. हे म्हणतात वय आहे, होईल ठीक. दीर म्हणतात आत्ताच फाउंडेशन क्लासला घाला, नीट परीक्षेची तयारी सातवीपासूनच करतात सगळे. मला कळेना झालंय. एका बाईचा आणि एका "खाली बस"चा खरंच एवढा फरक पडतो का मीच जास्त विचार करतेय? आणि शाळा बदलावी का?

---

जकार्ड | ३ जुलै, रात्री ११:२५

ताई पडतो फरक, लई पडतो. माझंच सांगतो.

मी पूर्व भागातला, घरी तेलुगू, शाळा मराठी, वडील चादरीच्या कारखान्यात. मागावर जकार्ड असतं बघा, वरती पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, कार्डाला भोकं पाडलेली. मी लहानपणापासून बघलालो ते, पण म्हणजे भिंत बघावी तसं. सातवीत आमच्या सरांनी कुठल्यातरी कारखान्यातून अशी एक फाटकी माळ आणली आणि विचारलं कुणाकुणाच्या घरचे मागावर आहेत. निम्म्याहून जास्त हात वर. मग म्हणाले आज हे वाचायचं. वाचायचं?? पुठ्ठा? मग एकेक ओळ दाखवली, जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, जिथं नाही तिथं धागा खालीच. भोक म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. एवढ्यावर चादरीत मोर येतो. शेवटी म्हणाले कंप्युटरला पण एवढंच कळतं, हो आणि नाही. तेव्हा आमच्या शाळेत कंप्युटर एकच, हेडमास्तरांच्या खोलीत, त्यावर टॉवेल टाकलेला.

रात्री वडील आले, विचारलं आज काय शिकवलं. मी सांगितलं. ते हात धुता धुता थांबले आणि म्हणाले, मग मी इतकी वर्षं कंप्युटरच चालवतोय की रे.

फ्रान्समधल्या जकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं आणि पुढं कंप्युटरला कितीतरी वर्षं अशीच भोकाची कार्डं लागायची, हे मला फार नंतर पॉलिटेक्निकला कळलं. मी काही शास्त्रज्ञ झालो नाही, चाकणला पीएलसी प्रोग्रॅमिंग करतो, म्हणजे कारखान्यातल्या मशीननं कधी काय करायचं ते लिहून देतो. पण मशीन बघितलं की ह्याच्या आत हो-नाही कुठं चाललंय हे शोधायची खोड त्या एका तासातली आहे. सरांनी बाकी वर्षभर काय शिकवलं, शपथ, एक अक्षर आठवत नाही.

---

पीएचडी_चालूच_आहे | ४ जुलै, सकाळी ८:१०

ह्यावर अभ्यास झालेत म्हणून लिहितो, पण जरा जपून वाचा कारण सगळे परदेशातले आहेत.

२००६ साली सायन्स ह्या जर्नलमध्ये रॉबर्ट ताय आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला होता. अमेरिकेत १९८८ मध्ये आठवीतल्या मुलांना विचारलेलं की ३० व्या वर्षी तुम्ही काय करत असाल, आणि मग २००० पर्यंत कुणी कसली डिग्री घेतली ते बघितलं. ज्यांनी आठवीतच सायन्सचं काहीतरी सांगितलं होतं त्यांच्यात जीवशास्त्राकडची डिग्री घेणारे इतरांच्या जवळपास दुप्पट, आणि फिजिक्स-केमिस्ट्री-इंजिनिअरिंगकडे तर तिपटीहून जास्त. मला त्यातला सगळ्यात भारी वाटलेला भाग असा की गणितात मध्यम पण मनात सायन्स असलेली मुलं, गणितात हुशार पण मनात दुसरंच असलेल्या मुलांपेक्षा पुढे निघाली. आपल्याकडे सगळं गणिताच्या मार्कांवर ठरवतात म्हणून सांगतोय.

आता ह्याचा अर्थ आठवीत बोलून दाखवलं म्हणून झालं असा नाही. ज्या घरात आधीच सायन्सचं वातावरण आहे तिथलं पोर तसं बोलणारच. इंग्लंडमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने १० ते १४ वयाच्या मुलांचा पिच्छा पुरवला, ॲस्पायर्स नावाचा प्रोजेक्ट, तर त्यात दिसलं की बहुतेक मुलांना सायन्स आवडतं, तासही आवडतो, पण "तू शास्त्रज्ञ होशील का" विचारलं की थोडीच हो म्हणतात. म्हणजे आवड जात नाही, हे आपल्यासारख्यांचं काम नाही असं कुठंतरी ठरून जातं. मुलींचं तर जास्तच. तुमच्या लेकीचं "बोअर आहे" हे मला तसंच वाटतंय, तिला सायन्स बोअर नाही झालंय, त्या वर्गात तिचं हसू झालंय.

एक गंमत करून बघा. कोरा कागद द्या आणि फक्त म्हणा शास्त्रज्ञाचं चित्र काढ. १९८३ मध्ये चेंबर्स नावाच्या माणसाने हे ४८०७ मुलांवर केलेलं छापून आलं, त्यात बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली. मुलग्यांची शून्य. नंतरच्या वर्षांत हे बरंच सुधारलंय. पण तुमची काय काढते बघा आणि इथे सांगा.

---

खडू_डस्टर | ४ जुलै, दुपारी ३:५५

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, शहरातच. त्यामुळे जरा दुसरी बाजू.

कपाटाला कुलूप का असतं ते सांगतो. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीला, चढलेली असते. भिंग फुटलं, बीकर फुटला की नोंद, पंचनामा केल्यासारखे प्रश्न, आणि पुष्कळदा मास्तर गुपचूप खिशातून आणून ठेवतो. वर्गात ६४ मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत, प्रयोगशाळा सहायकाचं पद किती वर्षं रिकामं आहे ते मोजायचं मी सोडलंय. वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. अशात मायक्रोस्कोप बाहेर काढणाऱ्याला मी शूरवीरच म्हणेन.

पण "खाली बस"ला मी सफाई देणार नाही. त्याचं कारण मला आतून माहीत आहे. उत्तर येत नसलं की मास्तरला राग येतो. मी स्वतः केलंय हे, नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. पोरगं काहीतरी विचारायचं, माझ्या पोटात गोळा यायचा आणि तोंडातून निघायचं सिलॅबस बघ आधी. ज्या दिवशी पहिल्यांदा "मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणालो त्या दिवशी वर्ग नाही हसला, उलट दुसऱ्या दिवशी चार जण स्वतःच शोधून आले, त्यातलं एक उत्तर तर माझ्यापेक्षा बरं होतं.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर तो तेवढ्याच वजनाचं पाणी होतो, म्हणजे त्याने आधीच अडवलेली जागा बरोब्बर भरते. वर दिसणारा तुकडा हा बर्फ फुगलेला असतो म्हणून दिसतो. हा आर्किमिडीज आहे हो, पुढे आठवीत पुस्तकातच येणार आहे! सहावीत पोरगी तिथे पोचली आणि आपण तिला खाली बसवलं.

शाळा बदलण्याआधी एकदा विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. तक्रार म्हणून नको, मुख्याध्यापकांकडून तर अजिबात नको, ते कायमचे शत्रू होतील. नुसतं म्हणा हिला घरी काही करून बघायचंय, काय देऊ. आणि इन्स्पायर मानकचं विचारा, केंद्र सरकारची योजना आहे, सहावीपासूनची मुलं चालतात, शाळा मुलांच्या कल्पना पाठवते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. फक्त कल्पना तिची असू द्या. मी प्रदर्शनात परीक्षक म्हणून जातो, अर्धे प्रोजेक्ट बापाने केलेले असतात, मुलाला स्विच कुठला तेही माहीत नसतं. थर्माकोलचा ज्वालामुखी आता मी झोपेत पण ओळखतो.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीलाच असते, सातवीला नाही, त्यामुळे ते डोक्यातून काढा. तेवढंच बरं.

---

स्पष्ट_बोलतो | ४ जुलै, रात्री ९:३०

ताई रागावू नका पण सगळे इथे आवड आवड करतायत, मी उलटं उदाहरण आहे.

माझी शाळा एक नंबर होती. खेड्यातली, बार्शीकडची. सर आम्हाला हळदीचा कागद करायला लावायचे, साबणाच्या पाण्यात लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा, गावातल्या विहिरींचं पाणी आणून तपासायला लावायचे. मला केमिस्ट्रीचं वेडच लागलं. बीएस्सी केमिस्ट्री केलं, चांगले मार्क होते. मग? पुढे काय असतं हे ना सरांना माहीत ना घरच्यांना. पुण्यात आयसर २००६ लाच सुरू झालेलं, बारावीनंतर पाच वर्षांचं बीएस-एमएस, संशोधनच शिकवतात, हे मला कळलं तेव्हा मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन बसलेलो. तिथेच एका जुन्या मासिकात वाचलं. आजही एमआरच आहे. पगार बरा आहे, तक्रार नाही.

तर मुद्दा काय की शाळेने आवड लावली पण रस्ता कुणी दाखवला नाही. सोलापुरात आपण डॉ. कोटणीसांचं नाव ऐकत मोठे होतो, अभिमान आहेच, माणूस १९३८ ला चीनला गेला जखमींवर उपचार करायला आणि परत आलाच नाही. पण त्यामुळे म्हणा का कशामुळे, आपल्याला हुशार पोर म्हणजे डॉक्टर, नाही जमलं तर इंजिनिअर, एवढंच दिसतं. अहो आपल्याच जिल्ह्यात बघा ना. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे तेल्या रोगावर डोकं खपवणाऱ्यांना सरकार पगार देतं. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, पक्षी मोजणं हीसुद्धा नोकरी असते. २०१८-१९ ला पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेची विमानं इथून उडत होती, ढगांत क्षाराचे बारीक कण सोडून पाऊस वाढतो का बघायला, आपण गच्चीवर उभं राहून "पाडा की ओ पाऊस" म्हणत चेष्टा केली. त्या विमानात बसलेल्यांपैकी कुणीतरी सातवीत असताना ढगांकडेच बघत असेल ना.

मुलीला हे लोक दाखवा. केगावला विद्यापीठाजवळ विज्ञान केंद्र पण आहे, रविवारी न्या, सहलीसारखं पळत पळत नाही, एकाच वस्तूजवळ अर्धा तास थांबू द्या.

फाउंडेशनबद्दल माझं मत: सातवीला? पैसे जास्त झालेत का दिराला?

---

मुकामपोस्ट_होटगी | ४ जुलै, रात्री ९:५२

शेवटच्या ओळीला +१. मी तसल्या क्लासला होतो. दोन वर्षांत १४ वह्या भरल्या, एक पण टेस्ट ट्यूब हातात धरली नाही. टक्के चांगले पडले. आता बँकेच्या परीक्षा देतोय.

---

कडकभाकरी | ६ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. जकार्ड भाऊ, तुमच्या वडिलांचं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं, ते काही न बोलता गॅलरीत गेले. सासरे मागावरच होते ना आमचे.

चित्राचं सांगते. शास्त्रज्ञ काढला, पुरुष, टकला, चष्मा, पांढरा कोट. आणि शेजारी कपाट. कपाटाला कुलूप आणि किल्ली त्याच्या गळ्यात. मी हसले आणि मग हसू आलं नाही.

खडूसर, बर्फाचं उत्तर तिला सांगितलं नाही, तुमचा "पुढे आठवीत येणार आहे" एवढाच भाग सांगितला. त्याचा परिणाम बराच झाला, फ्रिजमधले दोन्ही ट्रे रिकामे. मीठ घातलेल्या पाण्यात बर्फ टाकला तर थोडंसं सांडतं असं ती म्हणतेय, मी ओटा पुसून पुसून दमले त्यामुळे खरं असावं. शिक्षकांना आज भेटले, "बघू" म्हणाले. चिडले नाहीत एवढं पुरे. दिरांना सांगितलं नववीपर्यंत विषय काढायचा नाही.

आता खरी अडचण. काल रविवार म्हणून गच्चीवर एक मीटरचा पाइप बादलीतल्या वाळूत उभा केला, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. तिच्या पुस्तकाप्रमाणे सावली बाराला सगळ्यात लहान पाहिजे. तर बाराला होती १५ सेंटिमीटर आणि साडेबाराला ९! पाइप तिरका असेल म्हणून ओळंबा लावून बघितला, सरळच. आणि दुसरं म्हणजे सावली दक्षिणेला, सरळ विजापूरकडे. सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो म्हणून सावली उत्तरेला पडते असं वर्गात लिहून दिलंय, वहीत आहे, लाल पेनाने बरोबर पण आहे. ती म्हणतेय वही चुकली का सूर्य. मी बीए मराठी. कृपया कुणीतरी.

---

पीएचडी_चालूच_आहे | ६ जुलै, रात्री १०:४८

वाचून खुर्चीतून उठलो! तिचं माप एकदम बरोबर आहे.

आधी खाऱ्या पाण्याचं. मीठ घातलं की पाणी जड होतं, त्यामुळे बर्फ कमी जागा अडवून तरंगतो, आणि वितळून झालेलं गोडं पाणी त्या जागेत मावत नाही. म्हणून सांडतं. ओटा खरं बोलतोय.

आता साडेबाराचं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. सोलापूर जवळपास ७६ अंशावर, म्हणजे साडेसहा अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे तो आपल्या डोक्यावर २६ मिनिटं उशिरा येतो, वर जुलैमध्ये आणखी चार-पाच मिनिटांचा उशीर पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. झाले साडेबारा.

दक्षिणेचं: सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य २१ जूनला साडेतेवीस अंशांवर कर्कवृत्तावर होता आणि आता खाली परत येतोय. म्हणजे सध्या दुपारी तो आपल्या उत्तरेला आहे आणि सावली दक्षिणेला. वहीतलं वाक्य वर्षातले नऊ-साडेनऊ महिने बरोबर आहे, मे मधल्या १० तारखेच्या आसपासपासून जुलै संपेपर्यंत चूक. तिला म्हणा वही पण चुकलेली नाही, वहीने तारीख लिहिली नाही.

आणि आता ऐका. परत येताना सूर्य बरोब्बर सोलापूरच्या डोक्यावरून जाणार, २-३ ऑगस्टला. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला पाइपाची सावलीच नसेल. शून्य सावली. तोपर्यंत रोज साडेबाराची एकच खूण केली तरी चालेल, ९ सेंटिमीटर कमी कमी होत जाताना तिला दिसेल. पाइपाऐवजी काचेचा ग्लास उपडा ठेवला तर त्या दिवशी फोटो मस्त येतो.

---

खडू_डस्टर | ६ जुलै, रात्री ११:०२

हे मी २२ वर्षं शिकवतोय, सावली उत्तरेला. गच्चीवर जाऊन एकदाही बघितलं नाही. उद्या मधल्या सुट्टीत पोरांना ग्राउंडवर काढतो. पाइप आहे शाळेत, डेडस्टॉकला नाहीये बहुतेक.

---

कडकभाकरी | ६ जुलै, रात्री ११:२०

तिला उठवून सांगितलं, आता झोपणार नाही. कॅलेंडरवर २ आणि ३ ऑगस्टला गोल केलेत, शाळेत साडेबाराला बाहेर सोडतील का ते उद्या स्वतःच विचारणार म्हणाली, सरांना, हात वर करून.

फक्त त्या दिवशी ढग नकोत. सोलापुरात पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मी पहिलीच बाई असेन, मोहोळच्या माझ्या भावाला कळू देऊ नका, त्याची तूर पेरून झालीय.